घरच्या जलतरण तलावाचे पाणी भरताना आणि सोडताना या चुका टाळा

आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल अशा तलावात 40 हजार लिटर पाणी मावते. म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि त्यातले बरेचसे उजनी धरणातून आणावे लागते, हे लक्षात घेता पाणी हिरवे पडले की तलाव रिकामा करण्याची सवय मला अक्षम्य वाटते. हिरवे पाणी म्हणजे शेवाळ. सामू (pH) 7.2 ते 7.6 दरम्यान आणून, क्लोरीनची मात्रा वाढवून, भिंती घासून आणि गाळणयंत्र सलग चालवून ते बहुतेक वेळा त्याच पाण्यात स्वच्छ होते. क्लोरीनच्या गोळ्या वर्षानुवर्षे वापरल्यामुळे सायन्युरिक आम्ल (गोळ्यांतून पाण्यात उतरणारे आणि जास्त झाल्यास क्लोरीनचा परिणाम कमी करणारे रसायन) साठले असेल, तर मात्र पाणी बदलावेच लागते. तेव्हाही आधी एक तृतीयांश पाणी बदलून पुन्हा चाचणी घ्यावी.

भरताना होणारी सर्वांत घातक चूक डोळ्यांना दिसतही नाही. नळाला जोडलेल्या पाइपाचे टोक तलावात बुडवून ठेवले जाते, आणि पुरवठा बंद होताच वाहिनीतील दाब उतरून तलावाचे पाणी उलटे शोषले जाऊ शकते. ते शेजाऱ्यांच्या पिण्याच्या पाण्यात मिसळते. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळच येत असल्याने हा धोका दर पाळीला असतो. पाइपाचे टोक काठावर, पाण्यापासून वीतभर उंच बांधावे. खरे तर पिण्याचे पाणी तलावाला वापरूच नये. बोअरचे पाणी जड असल्यास टाइल्सवर पांढरा थर धरतो, आणि त्यात लोह असल्यास क्लोरीन टाकताच पाणी तांबूस होते, म्हणून भरण्यापूर्वीच त्याची तपासणी करून घ्यावी.

पातळी सतत उतरत असेल तर गळती शोधावी. एका बादलीत तलावाचेच पाणी भरून ती पायरीवर ठेवावी, आतील व बाहेरील पातळीवर खूण करावी आणि 24 तासांनी पाहावे. दोन्हीकडे सारखीच घट असेल तर ते बाष्पीभवन आहे, आणि त्यावर रात्री आच्छादन घालणे हाच उपाय आहे. वरील तलावात एक सेंटिमीटर घट म्हणजे 320 लिटर पाणी, हे ध्यानात ठेवावे.

पावसाळ्यात तलाव पूर्ण रिकामा करू नये. काळ्या मातीत पाणी मुरून ती फुगते, आणि आतला भार गेल्यावर बाहेरच्या दाबाने फरशी उखडते, फायबरचा तलाव तर अख्खा वर उचलला जातो. मे महिन्याच्या उन्हात कोरडा ठेवलेला तलावही टाइल्स सोडतो.

क्लोरीनयुक्त पाणी नाल्यात सोडल्यास मासे मरतात. म्हणून क्लोरीन टाकणे थांबवून तलाव काही दिवस उघडा ठेवावा. चाचणीच्या नळीतल्या पाण्यात क्लोरीन तपासणीच्या द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळी छटाही उमटत नाही, तेव्हाच ते पाणी मोठ्या झाडांच्या आळ्यांत, थोडे थोडे, फिरवून द्यावे. मिठावर चालणाऱ्या, म्हणजे पाण्यात मीठ घालून यंत्राने क्लोरीन तयार करणाऱ्या तलावाचे पाणी झाडांना देऊ नये. उपसा करणारा पंप सुरू असताना कोणीही पाण्यात उतरू नये आणि त्याच्या वीजजोडणीला गळती-संरक्षक स्विच (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा) असावाच.