बरणीतली कृष्णा, बरणीतला समुद्र

सांगलीच्या पोरांना समुद्र भेटतो तो गणपतीपुळ्याच्या सहलीत, तेवढ्यापुरता. घरी हे करून बघा. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम, म्हणजे पोह्याचे चार-पाच चमचे मीठ विरघळवा. समुद्र साधारण इतकाच खारट. दुसऱ्या बरणीत साधं पाणी. खायचा रंग घालून गोठवलेला बर्फाचा एकेक खडा दोन्हींत अलगद सोडा. ढवळायचं नाही (पोरं ढवळतातच, म्हणून जास्तीचे खडे ठेवा). साध्या पाण्यात रंगाचे धागे तळाला उतरतात. खाऱ्यात रंग वरच साचतो, कारण गोडं पाणी हलकं. आयर्विन पुलाखालची आपली कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते, तेव्हा तीही अशीच खाऱ्या पाण्यावर पसरते.