‘नाव कोणी फोडलं?’ हा वाद वाचायचा कसा

रात्रपाळीला परदेशी बातम्यांचं टेबल सांभाळताना मला सगळ्यात जास्त छळलं ते व्हॅलरी प्लेम प्रकरणानं. या बाई अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेत गुप्तपणे काम करत होत्या, आणि त्यांचं नाव पत्रकारांकडे कोणी फोडलं, हा वाद. वृत्तसंस्थेची कॉपी रोज यायची आणि रोज आरोपी नवा. शेवटी मी दोनशेपानी वही घातली. असा वाद समजून घ्यायचा असेल तर तुम्हीही वहीच घ्या. नुसतं डोक्यात ठेवायला गेलात तर ज्याचा आवाज मोठा त्याचंच लक्षात राहतं.

रकाने चार आखा: तारीख, कोण, कोणाला आणि क्रियापद. शेवटचा रकाना रुंद ठेवा.

आधी पार्श्वभूमी लिहून टाका, थोडक्यात. फेब्रुवारी २००२ मध्ये माजी राजदूत जोसेफ विल्सन सीआयएसाठी नायजरला जाऊन आले. इराकनं तिथून युरेनियम घ्यायचा घाट घातला होता का, हे बघायचं होतं. (नायजर. नायजेरिया नव्हे. पहिल्या रात्री मी नायजेरिया छापून मोकळी झाले होते.) तसं काही दिसत नाही, असं त्यांनी परत येऊन सांगितलं. तरी जानेवारी २००३ च्या भाषणात बुश यांनी आफ्रिकेतल्या युरेनियमचा विषय काढलाच. मार्चमध्ये युद्ध सुरू झालं. ६ जुलैला विल्सन यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये या सगळ्यावर लेख लिहिला आणि १४ जुलैला स्तंभलेखक रॉबर्ट नोव्हाक यांच्या स्तंभात आलं की विल्सन यांच्या पत्नी, म्हणजे व्हॅलरी प्लेम, सीआयएत आहेत. 

आता क्रियापदं. मथळ्यात सगळ्यांनाच ‘फोडलं’ लागतं. वहीत तसं करू नका. परराष्ट्र खात्यातले क्रमांक दोनचे रिचर्ड आर्मिटेज जूनमध्ये पत्रकार बॉब वुडवर्ड यांच्याकडे आणि ८ जुलैला नोव्हाक यांच्याकडे ‘बोलून गेले’. बुश यांचे सल्लागार कार्ल रोव्ह यांनी नोव्हाक यांना ‘दुजोरा दिला’. उपाध्यक्ष चेनी यांचे चीफ ऑफ स्टाफ लुइस लिबी यांनी पत्रकार ज्युडिथ मिलर यांना ‘सांगितलं’, अशी मिलर यांची साक्ष. मिलर यांनी मात्र त्यावर बातमी केलीच नाही. ‘छापलं’ नोव्हाक यांनी.

हे लिहिलंत की निम्मं भांडण आपोआप सुटं होतं. रिपब्लिकन म्हणायचे, पहिल्यांदा बोलले आर्मिटेज, ते काही युद्धाचा ढोल बडवणाऱ्यांतले नव्हते, मग कट कसला? डेमोक्रॅट म्हणायचे, विल्सनना अद्दल घडवायला व्हाइट हाउसनं हे केलं. पण एकाच्या तोंडून निसटलं म्हणून दुसऱ्यानं सांगितलंच नाही, असं थोडंच आहे? ओळी वेगळ्या, तारखा वेगळ्या.

कायद्याला वेगळं पान द्या. १९८२ च्या अमेरिकी कायद्यात नुसतं नाव सांगणं पुरत नाही. माणूस गुप्त आहे आणि सरकार ते लपवतंय, हे सांगणाऱ्याला माहीत असावं लागतं. या प्रकरणात त्या कायद्याखाली एकावरही आरोप ठेवला गेला नाही. मार्च २००७ मध्ये लिबी पाचपैकी चार आरोपांत दोषी ठरले ते खोटं बोलल्याबद्दल आणि तपासात अडथळा आणल्याबद्दल. शिक्षा ३० महिने कैद आणि अडीच लाख डॉलर दंड. कैद बुश यांनी जुलैत रद्द केली, २०१८ मध्ये ट्रम्प यांनी माफीच दिली. ‘नाव फोडणाऱ्याला शिक्षा’ हा माझा मथळा आमच्या वृत्तसंपादकांनी लाल शाईनं खोडला होता, आणि बरोबरच खोडला होता.

बातमी देणारा स्वतः साक्षीदार आहे का, हे प्रत्येक वेळी तपासा. असेल तर नावापुढे फुली. मिलर यांनी स्रोत न सांगता ८५ दिवस तुरुंग काढला, ते जगजाहीर होतं. वुडवर्ड मात्र टीव्हीवर या तपासालाच नावं ठेवत होते, आणि त्यांना स्वतःला प्लेम यांच्याबद्दल आधीच कळलेलं होतं हे बाहेर आलं नोव्हेंबर २००५ मध्ये. मला आजही त्याचा राग येतो.

जी ओळ भरता येत नाही ती रिकामी सोडा. ‘नोव्हाक यांना प्रथम कोणी सांगितलं’ या ओळीत मी २००३ मध्येच बॉलपेननं ‘रोव्ह’ लिहून ठेवलं होतं, कारण सगळे तेच म्हणत होते. सप्टेंबर २००६ मध्ये आर्मिटेज यांनी जाहीर कबुली दिली. रोव्ह खोडलं, पण रकान्यात जागाच उरली नव्हती. आर्मिटेज समासात आडवं लिहावं लागलं.