पॉलिशआधी जोड बघा: आर्ट्स अँड क्राफ्ट्स फर्निचरची पारख

ठाण्यातल्या नौपाडा, पाचपाखाडीतली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की घरातलं जडशीळ टेबल, कपाट, आरामखुर्ची जुन्या फर्निचरच्या दुकानात पोचते. बहुतेक माल सागवानी असतो आणि चांगलाही असतो. पण सरळ रेषा, रुंद हात आणि उभ्या पट्ट्या असल्या की त्याला ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ म्हणून विकतात. ही चळवळ इंग्लंडमध्ये डिझायनर विल्यम मॉरिसच्या विचारांतून वाढली, अमेरिकेत फर्निचर बनवणाऱ्या गुस्ताव स्टिकलीने ती फर्निचरमध्ये आणली. सुताराचा जोड लपवायचा नाही, हे तिचं तत्त्व. म्हणून पारखही जोडापासून करायची.

टॉर्च, मेजरिंग टेप, लोहचुंबक आणि भिंग सोबत घ्या. दुकानदाराला सांगून वस्तू उलटी करा, खण पूर्ण बाहेर काढा.

आरपार जोडात आडव्या लाकडाची जीभ पायातून बाहेर येते. तिच्या टोकावर लाकडाचे तुटक, ठिपक्यांसारखे तंतू दिसले पाहिजेत. लांब सरळ रेषा दिसल्या तर ते वरून चिकटवलेलं ठोकळं आहे. जिभेला पाचर असेल तर तीही बघा. खऱ्या जोडात पाचरच जोड आवळून धरते, नुसती शोभेला नसते.

मग लाकूड. अमेरिकन कामात मुख्यतः पांढरा ओक असतो, खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने कापलेला, म्हणून त्यावर चमकदार आडव्या लहरी उठतात. एकसंध पायात या लहरी समोरासमोरच्या दोनच बाजूंवर येतात. चारही बाजूंवर दिसल्या तर पाय खालून बघा. एल. अँड जे. जी. स्टिकली या गुस्तावच्या भावांच्या कंपनीच्या फर्निचरचे पाय चार तुकडे गुंतवून केलेले असत, खाली ती रचना दिसते. तिथे एकच अखंड लाकूड असेल तर लहरी रंगवलेल्या असू शकतात.

गुस्ताव स्टिकलीच्या खुणेत सुताराचा कंपास आणि ‘आल्स इक कान’ हे शब्द असतात. पण नुसत्या नावावर विसंबू नका. 1989 पासून स्टिकली कंपनीने जुने नमुने पुन्हा बनवायला घेतले आहेत. अधिक-चिन्हासारख्या खाचेचे फिलिप्स स्क्रू 1930 च्या दशकात आले. जुन्या वस्तूत ते असतील तर निदान दुरुस्ती नंतरची आहे. तांब्याच्या म्हणून सांगितलेल्या कड्यांना चुंबक चिकटलं, तर आत लोखंड आहे.

खिळ्याभोवतीचा काळा डाग दाखवून वय सांगणारे भेटतील. ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्याची लोखंडाशी ओलाव्यात प्रक्रिया होते, आणि खाडीकाठच्या दमट हवेत ती लवकर होते. तो डाग वयाचा पुरावा नाही.

बारीक भोकं असतील तर खाली पांढरा कागद अंथरून आठवडाभर ठेवा. पुन्हा लाकडाचं पीठ पडलं तर कीड जिवंत आहे. फिकट बाह्यकाष्ठात, म्हणजे खोडाच्या सालीलगतच्या लाकडात, ती आधी शिरते. अशी वस्तू उपचार होईपर्यंत घरात इतर लाकडाजवळ ठेवू नका.

आणि कृपया जुनं पॉलिश घासून काढू नका. बराच ओक अमोनियाच्या वाफेने गडद केलेला असतो. ती छटा लाकडात थोडीच खोल जाते, सँडपेपरने गेली की साध्या रंगाने परत येत नाही, आणि संग्राहकाच्या दृष्टीने किंमतही तिच्याबरोबर जाते. मऊ कोरडं कापड, वर्षातून एकदा मेणाचा पातळ हात, इतकं पुरे.

घरी आणल्यावर भिंतीपासून 3-4 इंच दूर ठेवा, पायांखाली रबरी चकत्या घाला. फरशी पुसताना पाय रोज भिजले की टोकं कुजतात. एसीचा थेट झोत लागू देऊ नका, फळ्या तडकतात. पावसाळ्यात खण घट्ट झाला तर रंधा मारू नका. कोरड्या हवेत तो आपोआप सुटतो, आणि तासलेला खण मग उन्हाळ्यात खडखडतो.