आडनावाच्या नकाशावरून मूळ गाव शोधताय? या चुका टाळा

फोरबिअर्ससारख्या संकेतस्थळावर आडनाव टाकले की जगाचा नकाशा रंगून समोर येतो. रंग जिथे सर्वांत गडद, तिथलेच आपण, असा निष्कर्ष बहुतेक जण काढतात आणि पुढचा सगळा शोध चुकीच्या तालुक्यात जातो. हा नकाशा अलीकडे माणसे कुठे राहतात एवढेच सांगतो. ब्रिटनमध्ये 1881 च्या जनगणनेतली नावे खुली आहेत, त्यामुळे तिथले नकाशे शे-दीडशे वर्षांपूर्वीची वस्ती दाखवू शकतात. आपल्या जनगणनेतली वैयक्तिक नावे खुली होत नाहीत. त्यामुळे नकाशाखाली माहितीचे मूळ आणि साल दिले आहे का, ते आधी पाहा.

‘कर’ लागलेली आडनावे उलटी वाचावी लागतात

सर्वांत मोठी फसगत इथेच होते. पेणमध्येच राहणाऱ्याला पेणकर कोण म्हणणार? तिथे सगळेच पेणचे. गाव सोडून माणूस दुसरीकडे स्थिरावला की तिथले लोक त्याला मूळ गावाच्या नावाने ओळखू लागतात. म्हणून अशा आडनावाचा रंग मुंबई-पुण्यात गडद आणि खुद्द मूळ गावात फिका किंवा अजिबात नाही, असे चित्र दिसले तर गोंधळू नका. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू कुटुंबांचे उदाहरण घ्या. किहीमचे केहीमकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. यांतली बरीच कुटुंबे इस्रायलला गेली, म्हणून नकाशात तो देश रंगतो. आडनाव मात्र अजून रायगड जिल्ह्याकडेच बोट दाखवते.

एका नावाची अनेक गावे असतात, हेही विसरू नका. वडगाव, पिंपळगाव तर जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. त्या नावाच्या सगळ्या गावांची यादी करा आणि कुलदैवत, देवक, भाऊबंदांच्या सोयरिकी कुठल्या भागातल्या आहेत यावरून ती कमी करत जा.

हुद्द्यावरून आलेले आडनाव

पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही वतनाची नावे. ती गावोगावी वेगवेगळ्या घराण्यांना स्वतंत्रपणे लागली. उत्तर कर्नाटकात कुलकर्णी आणि पाटील भरपूर आहेत, म्हणून तुमचे पूर्वज तिकडून आले असे ठरत नाही. अशा घरांनी नकाशावर वेळ घालवूच नये. वतन कोणत्या गावचे होते ते विचारावे.

रोमन लिपीतले घोटाळे

नकाशा रोमन अक्षरांवर चालतो. त्यामुळे ल आणि ळ, ऱ्हस्व आणि दीर्घ सगळे एक होतात. माने शोधलेत तर पश्चिम आफ्रिकेतला सेनेगल रंगलेला दिसेल, कारण फुटबॉलपटू सादियो माने यांचे आडनावही तसेच लिहितात. साने या आडनावाचे तेच. उलट आपले एकच आडनाव अनेक रूपांत विखुरलेले असते. पवार डब्ल्यूने, व्हीने आणि कोल्हापूरकडे ‘पोवार’ म्हणून. चव्हाणांचीही तीच गत. घरातल्या जुन्या दाखल्यांवरची, पासपोर्टवरची सगळी स्पेलिंगे लिहून काढा, प्रत्येक वेगळे शोधा आणि आकडे एका तक्त्यात मांडा.

एकूण संख्येवर जाऊ नका, प्रमाण पाहा

मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या 2011 मध्ये 93 लाखांवर होती, सिंधुदुर्गची साडेआठ लाख. समजा, तुमच्या आडनावाची माणसे उपनगरात 2,000 आणि सिंधुदुर्गात 600 आहेत. म्हणजे उपनगरात साधारण 4,700 माणसांमागे एक आणि सिंधुदुर्गात 1,400 मागे एक. खरा धागा सिंधुदुर्गाचा.

भारतापुरते बरेच नकाशे राज्यापाशीच थांबतात. त्याखालचे चित्र हवे असेल तर संशय असलेल्या तालुक्यांच्या मराठी मतदारयाद्या चाळा. त्या देवनागरीत असल्याने ल-ळचा प्रश्नही सुटतो. यादीत 18 वर्षांवरचेच लोक असतात आणि लग्न झालेल्या बहुतेक बायका सासरच्या आडनावाने सापडतात, एवढे ध्यानात ठेवा.

जिल्ह्यांच्या हद्दी बदलल्या आहेत

सिंधुदुर्ग 1981 मध्ये रत्नागिरीतून निघाला, लातूर 1982 मध्ये उस्मानाबादमधून, नंदुरबार 1998 मध्ये धुळ्यातून, पालघर 2014 मध्ये ठाण्यातून. आजोबांच्या दाखल्यावर ‘जि. रत्नागिरी’ असेल आणि नकाशात रंग सिंधुदुर्गात दिसत असेल, तर दोन्ही बरोबर असू शकतात. तुलना तालुक्याच्या नावाने करा.

नकाशा संपतो तिथून पुढे

दोन-तीन गावे हाती लागली की कागद उघडा. शासनाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर स्कॅन केलेले जुने सातबारे आणि फेरफार आहेत. वारसाच्या फेरफारात मृत खातेदार आणि त्याचे वारस एकत्र मिळतात, म्हणून सुरुवात त्यापासून करा. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही मागा. जुनी पाने मोडी लिपीत असतील, तेव्हा वाचक आधीच शोधून ठेवा. अशा नोंदींत आडनाव अनेकदा नसतेच. ‘तुकोजी बिन रामजी’, म्हणजे रामजीचा मुलगा तुकोजी, एवढेच असते. त्यामुळे बापाचे नाव आणि गाव धरून शोधा. मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांत तर बापाचे नावच पुढे आडनाव झालेले आढळते. त्यांच्यासाठी नकाशा निरुपयोगी. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदी जपलेल्या आहेत, तिकडे विचारणा करावी.

त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूरच्या उपाध्यांकडच्या नामावळी पाहायच्या असतील, तर आडनावासोबत मूळ गाव सांगावे लागते. म्हणून तिथे शेवटी जा, आणि जाताना निदान तीन पिढ्यांची नावे लिहून न्या.