निवांत लांबच्या सायकलफेरीत या चुका टाळा

पावसाळा सरत आला की बेळगावच्या रस्त्यांवर नव्या सायकली दिसायला लागतात. रविवारी पहाटे मंडळी जोशात निघतात आणि दुपारी कुठल्यातरी फाट्यावर टेम्पोला हात करत उभी असतात. आपली ताकद कमी पडली, असं त्यांना वाटतं. नडते ती घाई. आपल्या भागासारखा सायकलीला मुलूख नाही. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडं लाल माती, काजू, भातखाचरं आणि जंगल, तर पूर्वेला अंकलगी-गोकाककडं काळी रानं आणि ऊस. हे सगळं बघायचं तर सावकाशच जायला हवं. त्याच त्याच चुकांपायी लोक सायकल अडगळीत टाकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वारा न बघता निघणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि नवखे तर हमखास करतात. पावसाळ्यात आपल्याकडं सह्याद्रीवरून पश्चिमेचा वारा येतो. त्या दिवसांत पूर्वेला निघालात तर वारा पाठीवर असतो. सायकल आपोआप पळते आणि पोरांना वाटतं, आपले पाय तयार झाले.

एका जुलैत ओळखीतली काही पोरं गोकाकचा धबधबा बघायला निघाली. घटप्रभा भरून वाहत होती, ५२ मीटरवरून कोसळणारं ते गढूळ पाणी बघायची हौस मलाही होती, म्हणून मीही गेलो. निघताना सांगून बघितलं, आज उचगाव, बाची, शिनोळी करत चंदगडच्या अंगाला जाऊ. जाताना वारा तोंडावर घेऊ, येताना पाठीवर. "काका, वारा काय करतोय?" म्हणून सगळे पुढं. ताशी तीसच्या खाली कुणी येईना. साठेक किलोमीटर कसे गेले ते त्यांना कळलंही नाही. धबधब्यावर फोटो झाले, झुलत्या पुलासमोर हसणं-खिदळणं झालं, पोटात मात्र बिस्किटांपलीकडं काही गेलं नाही.

दुपारी तोंडं फिरवली आणि वाऱ्यानं पकडलं. उताराला पायडल मारावं लागत होतं. वेग दहा-बारावर आला तरी पोरं जड गिअर सोडायला तयार नव्हती. अंकलगीत चहाला थांबलो तेव्हा सकाळी सगळ्यांत पुढं असलेल्या पोरानं ग्लास दोन्ही हातांत धरला होता, तरी चहा बोटांवर सांडत होता. त्याच्या मांडीत गोळा आलेला. शेवटी भाजीच्या टेम्पोत रिकाम्या क्रेटांवर सायकली बांधून त्यांना पाठवलं. उरलेले आम्ही दोघं हलक्या गिअरवर, एकामागं एक, आळीपाळीनं पुढं होत दिवेलागणीला घरी पोचलो.

माझी सवय साधी आहे. घरातून निघालो की आधी देवळावरचं निशाण कुठं फडफडतंय ते बघतो आणि जाताना वारा तोंडावर येईल अशीच वाट धरतो. थंडीत वारा बहुतेक पूर्वेकडून असतो, तेव्हा गोकाकची बाजू बरी. पाय ताजे असताना कष्ट उरकावेत. पहिला तासभर तर मी शेजारच्याशी गप्पा मारता येतील एवढ्याच वेगानं जातो. धाप लागून बोलणं तुटलं की वेग जास्त झाला. ॲपवरचे आकडे घरी आल्यावर बघावेत.

काटा न काढता ट्यूब बदलणं

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक ही. पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला सराटे वाळून पडलेले असतात, बांधाला बाभळीचे काटे असतात. फोटोसाठी सायकल कडेला घातली की झालंच. पंक्चर होणं हा गुन्हा नाही. पण लोक ट्यूब काढतात, नवी घालतात, हवा भरतात आणि काटा टायरमध्ये तसाच. खानापूरच्या रस्त्यावर एक गृहस्थ दुसरी नवी ट्यूब घालून डोकं धरून बसलेले मला भेटले. दोन्ही ट्यूबना एकाच जागी भोक. टायर आतून बघितलात का विचारलं, तर म्हणाले, "बघितलं की, काही दिसलं नाही." दिसत नाहीच. काट्याचं टोक मोडून रबरात बसतं. मी त्यांच्या टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवला. एका जागी धागे अडकले. तिथं टायर उलटा दुमडून चिमट्यानं टोक ओढलं, गव्हाच्या दाण्याहून लहान.

म्हणून माझ्या खोगिराखालच्या पिशवीत कापूस आणि भुवया उपटायचा चिमटा कायम असतो. टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव मी नेहमी वाल्वच्या समोर आणतो. मग ट्यूबला भोक वाल्वपासून किती अंतरावर आहे ते बघितलं की टायरवर काटा कुठं शोधायचा ते लगेच कळतं, फक्त दोन्ही बाजूंना बघायचं. ही पाच मिनिटं वाचवायला जाणारे पुढं तासभर घालवतात.

त्यातच वाल्वचं. महागड्या सायकलींना बारीक, उंच प्रेस्टा वाल्व असतो. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप साध्या सायकलीच्या किंवा मोटरसायकलच्या वाल्वचा. तो बिचारा मदतीला तयार असतो, पण त्याची नळी बसत नाही. पितळेचा एक छोटा ॲडॅप्टर किरकोळ पैशांत मिळतो. तो वाल्वलाच अडकवून ठेवा. आणि टायरवर लिहिलेला जास्तीत जास्त हवेचा आकडा म्हणजे तेवढी भरायलाच हवी असं नाही. ३५ मिलिमीटरच्या टायरला ५० ते ६० पीएसआय पुरते. दगडासारखा टायर करून आपल्या खडबडीत रस्त्यांवर हाडं खिळखिळी करून घेणारे बघितले की त्यांना थांबवून हवा सोडावीशी वाटते.

बाकीच्या

तहान लागल्यावर पाणी पिऊ नका, आधीपासून घोट घोट प्या. ऊन असेल तर त्यात मीठ-साखर-लिंबू हवं. दर तासाला थोडं खा. गोकाकचा करदंट यासाठी फार उत्तम, डिंक, गूळ आणि सुका मेवा, खिशात मावतो.

खोगीर खाली ठेवून गुडघे दुखतात म्हणू नका. पायडल तळाला असताना त्यावर टाच ठेवून पाय सरळ व्हायला हवा.

काळ्या मातीच्या पाणंदीत पावसात शिरू नका. चिखल मडगार्डात भरतो आणि चाक फिरायचं थांबतं. मग काटकीनं खरवडत बसा.

वाट विचारताना नुसतं सुळगा म्हणू नका. एक उचगावकडचा आहे, एक येळ्ळूरकडचा, दोन दिशांना. आणि "किती लांब?" विचारलंत की "हे काय, इथंच" असंच उत्तर येणार, तेव्हा मध्ये कुठली गावं लागतात ते विचारा.

चोर्ल्याचा घाट उतरायच्या आधी तो परत चढायचाय हे लक्षात घ्या. उतरताना सगळेच पैलवान असतात.

हेमाडगाकडं जंगलात जायचं तर दिवस असतानाच बाहेर या. तिथं गवे असतात, अस्वलं असतात, आणि सायकलीचा आवाज होत नसल्यानं जनावर दचकतं. वळणावर घंटी वाजवत जा.

गळीत हंगामात उसाच्या जोड-ट्रॉल्यांना ओव्हरटेक करायची घाई तर अजिबात नको. उसाची टोकं दोन्ही बाजूंना बाहेर आलेली असतात, मागची ट्रॉली डुलत असते आणि ड्रायव्हरच्या कानात मोठ्यानं गाणी. त्याला तुम्ही दिसत नाही, ऐकूही येत नाही. ट्रॅक्टर मागून आला तर मी रस्ता सोडून खाली उतरतो, दोन्ही पाय मातीवर टेकवतो आणि दुसरी ट्रॉली पार गेल्यावरच परत डांबरावर येतो.