ट्रेलरमधली लाईट मंद होतेय? नवी बॅटरी आणायच्या आधी हे करून बघा

छोट्या कॅम्पिंग ट्रेलरमध्ये रात्री लाईट मिणमिणायला लागली, पाण्याचा पंप घरघर करून बसला की सगळे एकच बोलतात, बॅटरी गेली. मीही एकदा असंच ठरवून नवी बॅटरी आणून टाकली आणि दोन दिवसांत परत तेच, शेवटी कळलं की निगेटिव्ह वायर चासीला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे गंज चढला होता. म्हणून आधी मोजायचं. साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो.

सुरुवात अशी करा: चार्जर, सोलर, लाईट सगळं बंद करून बॅटरी दोन-चार तास नुसती राहू द्या, कारण चार्जर काढल्या काढल्या घेतलेलं रीडिंग फुगलेलं येतं. मग मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून मोजा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.६-१२.७ दाखवत असेल तर फुल, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली की जवळपास रिकामीच. लिथियमवाल्यांनी मात्र या आकड्यांवर जाऊ नये, ती बराच वेळ १३.२ च्या आसपासच रेंगाळते आणि मग एकदम झोपते. मीटरवर शून्य आलं तरी लगेच घाबरू नका, आतल्या बीएमएसने (बॅटरीला जपणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) सप्लाय तोडलेला असू शकतो, लिथियमला चालणारा चार्जर लावून बघा.

आता खरी टेस्ट. सगळ्या लाईट आणि पंप चालू करून परत मोजा. फुल चार्ज बॅटरी एवढ्याशा लोडला ११ पर्यंत कोसळत असेल तर ती खरंच थकलीये. पण बॅटरीवर व्होल्टेज चांगलं आणि लाईट तरी मंद, तर दोष वायरिंगचा. लोड चालूच ठेवा, मीटरचं एक टोक बॅटरीच्या खुंटीवर आणि दुसरं त्यावर बसवलेल्या क्लॅम्पवर लावा, रीडिंग जवळपास शून्य यायला हवं, ०.३ वगैरे आलं तर चोर तिथेच आहे. हेच निगेटिव्ह खुंटी आणि चासी यांच्यामध्येही करा, बहुतेक वेळा इथेच सापडतं.

साफ करताना चार्जर आणि सोलर आधी तोडा, मग निगेटिव्ह काढा, नंतर पॉझिटिव्ह, लावताना बरोब्बर उलटं. नाहीतर पॉझिटिव्हवरचा पान्हा चासीला टेकला की ठिणग्या, आणि चार्ज होणाऱ्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो हे विसरू नका. पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघतो, फक्त ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका.

चार्जर लावल्यावर लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर हळूहळू १३.६ ते १४.४ दिसायला हवं. आकडा हललाच नाही तर बॅटरीजवळचा फ्यूज आणि कन्व्हर्टरमधले (घरगुती विजेपासून १२ व्होल्ट बनवून बॅटरी चार्ज करणारा डबा) रिव्हर्स पोलॅरिटीचे फ्यूज बघा, बॅटरी एकदा जरी उलटी जोडली असेल तर हे बहुतेक वेळा उडालेले असतात. आणि गाडीमागून चालताना ट्रेलरची बॅटरी फुल होईल ही आशा सोडा, वायर लांब आणि बारीक असते, त्यात फ्रिज १२ व्होल्टवर चालू असेल तर मिळालेलं सगळं तोच खातो.

उभ्या ट्रेलरची बॅटरी उतरत असेल तर काहीतरी गुपचूप करंट खातंय, गॅस अलार्म, स्टिरिओ असं काहीतरी. निगेटिव्ह वायर सोडवून मध्ये मीटर १० अँपियरवर जोडा आणि एकेक फ्यूज काढत जा, आकडा कुठे पडतो ते बघा (तेव्हा पंप चालू करू नका, मीटरचा फ्यूज जाईल). ०.२ अँपियर किरकोळ वाटतं, पण दिवसाला ४.८ अँपियर-अवर होतात, म्हणजे १०० ची बॅटरी साधारण दहा दिवसांत अर्धी.

किरकोळ गोष्टी पटकन. फ्यूज उडाला तर त्याच अँपियरचा लावा, मोठा लावलात तर फ्यूजऐवजी वायर जळेल. नळ बंद असून पंप मध्येच टुकटुक करत असेल तर कुठेतरी पाणी गळतंय, आणि पंप फिरतोय पण पाणीच येत नाही तर टाकी आणि गाळणीचं झाकण बघा, झाकण सैल असलं की हवा ओढतो. ब्रेक दाबल्यावर मागचे भलतेच दिवे लुकलुकले तर बल्ब बदलत बसू नका, प्लगमधली ग्राउंडची वायर आणि ती चासीला जोडलेली जागा घासून घट्ट करा.