पक्षाघातानंतर घरात पडणं कसं टाळावं

पक्षाघाताचा रुग्ण दवाखान्यातून घरी आला की सगळ्यांना एकच घाई असते, चालतं करायची. पण तोल सरळ चालतानाच जातो असं नाही. उठताना, वळताना, रात्री संडासला निघताना तो हमखास दगा देतो. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

आधी उठणं शिकवा. खुर्ची हातांची हवी, भिंतीला टेकवलेली. रुग्णाने पुढे सरकून काठाशी बसावं, दोन्ही पावलं गुडघ्यांच्या जरा मागे सपाट टेकवावीत आणि चांगलं पुढे वाकून मगच उठावं. उठल्याबरोबर पाऊल टाकू नये. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर उभं राहताच रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. तसं वारंवार झालं तर डॉक्टरांना सांगा, गोळी परस्पर बंद करू नका.

वळताना गर्रकन फिरायचं नाही, लहान लहान पावलं टाकायची. बसताना खुर्चीची कड पायांना मागून लागली की मगच टेकायचं.

सोबत चालणाऱ्याने दुबळ्या बाजूला, किंचित मागे राहून कमरेला धरावं. लुळा हात धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो. काठी चांगल्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा.

डावी बाजू गेलेल्या काहींना त्या बाजूचं भानच राहत नाही. दाराची चौकट लागते, ताटातलं डावीकडचं अन्न तसंच राहतं. हा निष्काळजीपणा नव्हे, मेंदूला झालेली इजा आहे. कृपा करून रागावू नका. ‘डावीकडे बघा’ अशी आठवण शांतपणे, पुन्हा पुन्हा करून द्या.

संडास-बाथरूममध्ये भिंतीत पक्का दांडा बसवा. टॉवेलचा रॉड माणसाचं वजन पेलत नाही. फरशी कोरडी, सुटी पायपुसणी बाहेर, रात्री दिवा चालू. पलंगापाशी लघवीचं भांडं ठेवलं तर रात्रीची धावपळच वाचते. सपाता नकोत, मागे पट्टा असलेल्या सँडल घ्या.

तोल सुधारण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज करायचे, पण जवळ कुणीतरी असतानाच.

एवढं करूनही पडले तर लगेच ओढून उठवू नका. कुठे दुखतं ते विचारा. मांडी किंवा खुबा हलवता येत नसेल तर तसंच झोपवून ठेवा आणि १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला असेल, तर माणूस बरा दिसत असला तरी त्याच वेळी दवाखाना गाठा. आतला रक्तस्राव कधी कधी काही तासांनी कळतो.